फरशीवरून हाक

पडायच्या आधी चांगुणाबाई हसत होत्या. पडतानाही हसतच होत्या, आणि फरशीवर पोचल्यावरसुद्धा थोडं हसू शिल्लक होतं. ते मग बादलीतलं पाणी हेलकावे खाऊन थांबतं तसं हळूहळू थांबलं. हसण्याचं कारण झुंबरबाई. बाहेर व्हरांड्यात टीव्हीवरच्या सुनेनं सासूच्या चहात काहीबाही मिसळलं होतं, आणि झुंबरबाई टीव्हीतल्या सासूला ओरडून सांगत होत्या, "अगं, पिऊ नको! ए बाई, तुला दिसून न्हाई राह्यलं का?" सासू चहा प्यायली. "मर मंग," झुंबरबाई म्हणाल्या. इकडे बाथरूममध्ये चांगुणाबाईंना हसू फुटलं, हसताना तोल गेला, तोलाबरोबर पाय, पायाखाली साबणाची वडी, आणि पुढचं काही आठवायला वेळच मिळाला नाही. धप्प असा आवाज झाला तो आपलाच, हे जरा उशिरा कळलं.

बेसिनला खालची बाजू असते हे त्यांना माहीत नव्हतं. वरून पांढरंशुभ्र, खालून पार वेगळंच, खडबडीत, पिवळं, कोळ्याच्या जाळ्यासकट. माणसाचंही असंच असेल, पण आपल्याला कोण खालून बघतंय. त्यांनी अंगठा हलवून पाहिला. हलला. बोटं हलली. म्हणजे पाय अजून आपलाच होता, फक्त घोट्याशी कुणीतरी तापलेली विळी ठेवल्यागत झालं होतं. लुगड्याचा एक काठ भिजून पोटरीला चिकटला होता. उठावं म्हणून त्यांनी हात टेकला तर फरशीनं हात पुढं ढकलला, मांजर उंदराशी खेळतं तसा. पुन्हा टेकला, पुन्हा तेच. मग त्या निवांत पडून राहिल्या, आणि तेव्हा त्यांना बेसिनच्या नळीवर चिकटवलेली टिकली दिसली. हिरवी. उभ्या माणसाला ती कधी दिसली नसती आणि उभ्या माणसानं ती तिथं लावलीही नसती. हिरवी टिकली म्हाताऱ्यांच्या या निवासात एकच बाई लावायची, चतुराबाई. नवरा जाऊनही तिनं टिकली सोडली नव्हती. आंघोळीच्या आधी कपाळावरची काढून ती नळाला, आरशाला, कशालाही चिकटवून ठेवायची. पण इतक्या खाली? चांगुणाबाई टिकलीकडं बघत राहिल्या. म्हणजे चतुरा इथंच पडली होती. इथंच, याच कोनात, हेच कोळ्याचं जाळं बघत.

भिंतीवर लाल बटणाची घंटी होती. उभं राहिलं की हाताशी यायची. पडलेल्या माणसासाठी लावलेली घंटी उभ्या माणसाच्या उंचीवर लावणारा तो कारागीर कोण असेल, असा विचार येऊन त्यांना पुन्हा हसू येणार होतं, पण घोट्यानं येऊ दिलं नाही. आणि हात पोचून तरी काय? कचरूभाऊ दिवा समजून घंटी दाबत सुटायचे, म्हणून तिची वायर काढून टाकली होती. वडीगोद्रीचे कचरूभाऊ, पहाडासारखा माणूस, पण स्वतःच्या पोरांची नावं विसरलेला आणि सोमेश्वर सरांना तलाठी समजणारा. निवास सोमेश्वर सरांचा. मंठा रोडला, जालना संपता संपता, दोन मजली, गुलाबी. लक्ष ठेवायला एकटी वंदना. दुसरी बाई दिवाळीनंतर मिलच्या कॅन्टीनला लागली, तिच्या जागी सरांनी कॅमेरा बसवला. "माणूस झोपतो, कॅमेरा झोपत न्हाई," सर म्हणाले होते. कॅमेरा व्हरांड्यात, त्याचं चित्र सरांच्या मोबाइलवर, मोबाइल सरांच्या खिशात, आणि सर बहुतेक कुणाच्या तरी लग्नात. आज वंदनालाही सरांच्या घरी नेलं होतं, कुरडया करायला. जाताना ती व्हरांड्यात थांबून म्हणाली होती, "मावशी, चीक शिजला की लगेच येते. कुणी कुठं जाऊ नका हां." कुठं जाणार होतं कोण? चांगुणाबाई फक्त बाथरूमला गेल्या होत्या.

त्यांनी तांब्या घेऊन बादलीवर वाजवला. बाहेर टीव्हीत वीज कडाडली, सासूच्या पोटात विष भिनत होतं. पुन्हा वाजवला, तर साबणाची जाहिरात लागली. मोठ्यानं 'मी पडले' म्हणायचं, एवढंच काम होतं. तोंड उघडलं, आणि मिटलं. कारण पडले म्हटलं की मागची खोली. चतुराबाई पडली, दुसऱ्या दिवशी तिला मागच्या खोलीत हलवलं. लोखंडी कठड्यांची खाट, एक खिडकी तीही गोडाऊनच्या भिंतीकडं, आणि बाथरूमला जायचं नाही म्हणून लंगोट. "तिच्याच भल्यासाठी," सर म्हणाले होते, आणि खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच तसं वाटत होतं. त्यानंतर चतुराबाई व्हरांड्यात आलीच नाही. आधी तिच्याकडं सगळे जाऊन बसायचे, मग दिवसाआड, मग सणाला. चांगुणाबाईंनी हा निवास स्वतः पसंत केला होता. भारत, त्यांचा मुलगा, चाकणला. त्याच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात त्यांना आपण पिंजऱ्यातला पोपट आहोत असं वाटायचं. इथला व्हरांडा पाहिला, समोरून मंठ्याची एसटी गेली, आणि त्या म्हणाल्या, "इथं." गावाकडची गाडी रोज समोरून जाते, खिडकीत कधी ओळखीचं तोंड असतं, हात होतो. तो व्हरांडा. आणि दुसरी गोष्ट ही कडी.

कडी आतून लावू नका, असं सरांनी वारंवार बजावलं होतं. चांगुणाबाई रोज लावत. ऐकायचं नाही म्हणून नाही. पण कडी म्हणजे काय हे सोमेश्वर सरांना कुठून कळणार? चांगुणाबाईंच्या वस्तीवर बायका पहाटे तांबडं फुटायच्या आत ओढ्याकाठी जायच्या, जोडीनं. एकीनं बसायचं, दुसरीनं रस्त्याकडं तोंड करून उभं राहायचं. कुणी येताना दिसलं की खोकायचं. खोकला ऐकला की बसलेलीनं उठायचं, झालं असो नसो. असं अर्धं आयुष्य अर्धवट उठण्यात गेलं. भारत नोकरीला लागला, त्यानं गावात पहिल्यांदा दाराचा संडास बांधला, आणि त्या दिवशी चांगुणाबाईंनी आत जाऊन कडी सरकवली, आणि काही कामाशिवाय नुसत्याच बसून राहिल्या. बाहेर कुणी उभं नव्हतं. कुणी खोकलं नाही. बाहेरून भारत घाबरून विचारत होता, "आई, बरं हाय ना?" आणि त्या आतून म्हणाल्या, "लय बरं हाय. तू जा." आता तीच कडी वर दिसत होती, आडवी सरकणारी, काळी पडलेली, दाराच्या मधोमध, आणि खाली चांगुणाबाई. दार बाहेर उघडणारं होतं, एवढं एक बरं. दाराची खालची कड पाण्यानं कुजली होती, मांजराचं पिल्लू आत यावं एवढी फट. फटीतून व्हरांड्याचा उजेड येत होता आणि

लाइट गेली.

टीव्ही गेला. पंखा गेला, बाहेरचा कूलर घरघरत थांबला. इतकी शांतता की नळाच्या थेंबाला आवाज आला. बाहेर झुंबरबाई म्हणाल्या, "मेली का न्हाई तेच कळलं न्हाई आता." झरोक्यातून एक उन्हाचा पट्टा टिकलीवर येऊन बसला. अशी शांतता चांगुणाबाईंना ओळखीची वाटली, कुठली ते आधी आठवेना, मग अंगालाच आठवलं, पाठीला, पायाच्या तळव्यांना. माळा. चार मेढी, वर फळ्या, फळ्यांवर कडब्याची पेंढी, आणि खाली हातभर कणसांचा शाळू, हुरड्यात आलेला, वाऱ्यानं एका अंगाला कलणारा. बाप, रामकिसन, पाटलाच्या वावरात राखण करायचा, कणसं पाटलाची आणि थंडी आपली. आणि शाळा नसली की माळ्यावर ती. भोरड्यांचा थवा यायचा, वर आभाळात एक घडी, खाली शाळूत दुसरी. गोफणीत दगडाचा गुंडा घालायचा, डोक्यावरून फिरवायची, एक दोरी सोडायची, सट्. आणि हाक द्यायची, लांबच लांब, गळा उघडा सोडून. ती बापानं शिकवली होती. "हाक पाखरांसाठी न्हाई, पोरी," तो म्हणायचा, "पाखरं काय, उडतेत आन बसतेत. हाक पल्याडच्या माळ्यासाठी. आपण जागे हाव, तू हाईस का? मंग तिकडून जबाब येतो. तिथून फुडच्या माळ्यावर जाती. जबाब न्हाई आला तर काय करायचं?" "खाली उतरायचं." "उतरून?" "बघाया जायाचं." एकदा खरंच जबाब आला नव्हता. ती धसकटं तुडवत पळत गेली, पायाला काटे, साप का ताप का काय. वर चढून पाहते तर पल्याडची पोरगी तोंडात हुरडा भरून गाढ झोपलेली. तिला उठवायला म्हणून हिनं तिच्या तोंडातला हुरडा बोटानं काढून खाल्ला. तो गोडवा अजून

हाक आपण दिली की आपोआप आली हे चांगुणाबाईंना नंतरही सांगता आलं नाही. पाठ फरशीवर होती म्हणून असेल, गळा सरळ होता. "हाऽऽऽ होऽऽऽ होऽऽऽय!" बाथरूम दणाणलं. म्हातारीचा आवाज नव्हताच तो. परकरातल्या पोरीचा, फक्त जरा गंज चढलेला. आणि ती हाक 'वाचवा' म्हणत नव्हती, 'पडले' म्हणत नव्हती. मी जागी हाय, तू हाईस का, एवढंच म्हणत होती, आणि तेवढं म्हणायला कुणाची लाज वाटायचं कारण नव्हतं.

बाहेर काहीच नाही. मग खुर्ची सरकल्याचा आवाज. मग झुंबरबाई, धावड्याच्या, पाटलांच्या घरच्या, सत्तर एकरांच्या धनीण, ज्यांनी माळा फक्त खालून पाहिला असेल असं चांगुणाबाई रोज त्यांना चिडवत असत, त्या झुंबरबाई व्हरांड्यातून ओरडल्या, "हाऽऽऽ होऽऽ!" जरा बेसूर, पण आवाज बरोबर जिथं वळायला हवा तिथं वळलेला. आणि त्यांच्यामागून जाड, खर्जातला, "होऽऽऽय! कुणाच्या वावरात शिरले रे?" कचरूभाऊ. पोरांची नावं हरवलेला माणूस हाक विसरला नव्हता. चांगुणाबाईंनी डोळे मिटले. आणि मग, सगळं थांबल्यावर, फार लांबून, दोन भिंतींच्या पलीकडून, दोऱ्यासारखा बारीक एक आवाज आला. हाऽऽ. दम लागून मधेच तुटलेला, पुन्हा जोडलेला. होऽऽ.

"चतुरा हाय ती," झुंबरबाई हळूच म्हणाल्या.

मग पावलं, एक काठी ठकठक, एक नुसतीच घसटत. "चांगुणा? अगं कुठून हाका देऊन राह्यली तू?"

"खालून."

"खालून म्हंजी?"

"वाका की वो पाटलीणबाई. वाकल्याबगर दिसतंय का?"

बराच वेळ कण्हणं, बांगड्या, 'आई गं', आणि मग दाराच्या फटीत झुंबरबाईंचा एक डोळा आणि अर्धी नथ. चांगुणाबाईंनी तो डोळा पाहिला आणि त्यांना आवरेना. सत्तर एकरांची धनीण संडासाच्या दारापुढं पालथी. "हसती काय?" डोळा म्हणाला. "मी तुला बघाया आडवी झाले आन तू हसून राह्यली! मोडलं का काही?"

"घोटा गेलाय. कडी लावल्ती."

"लाव अजून! शंभरदा सांगितलं."

"दार तोडू का?" वरून कचरूभाऊ. "माझ्या एका खांद्यात..."

"न्हाई न्हाई! भाऊ, दार माझ्याच अंगावर येईल." चांगुणाबाईंनी वर कडीकडं पाहिलं. "झुंबरे, काठी दे. फटीतून सरकव."

काठी आली, आधी रबराचं बूड, मग निम्मी, मग मूठ अडकली, ती तिरकी करून ओढली. आडवं पडून उलट्या हातानं वरची कडी ढकलायची. पहिल्यांदा काठी दारावर आपटली. मग कडीच्या वर. मग खाली. चांगुणाबाई काठीच्या टोकाकडं बघत होत्या. गुंड्याकडं नको बघू, रामकिसन म्हणाला, पाखराकडं बघ. त्यांनी टोक सोडून दिलं आणि फक्त कडीची मूठ पाहिली, काळी, चकचकीत, भोरडीच्या डोक्याएवढी. खट्. दार बाहेर गेलं, आणि उजेडात झुंबरबाई अजून पालथ्याच होत्या, कारण त्यांनाही आता उठता येत नव्हतं.

दोघींना कचरूभाऊंनी उचललं. आधी ते चांगुणाबाईंच्या मागं जाऊन काहीतरी शोधत होते. "शेपूट कुठंय?" त्यांनी विचारलं. बसलेला बैल उठवायचा तर शेपूट पिळावं लागतं. "भाऊ, बाईमाणूस हाय ते!" झुंबरबाई फरशीवरून किंचाळल्या. "मंग तसं सांगा की," म्हणत त्यांनी काखेत हात घातले आणि पेंढी उचलावी तसं उचलून प्लॅस्टिकच्या खुर्चीत ठेवलं. ती खुर्ची त्यांनी व्हरांड्यापर्यंत ओढत नेली, चारही पाय किरकिरत, आणि चांगुणाबाई एसटीत बसल्यासारख्या दोन्ही हातांनी धरून बसल्या.

लाइट येण्याआधी सर आले. मोबाइलवर चित्र दिसेना म्हणून आले होते. मागं स्कूटरवर वंदना, कोपरापर्यंत चिकानं पांढरी. तिनं चांगुणाबाईंचा घोटा पाहिला, आणि त्या पांढऱ्या हातांचं काय करावं हे तिला कळेना. पदराला पुसले, मग पदराकडं बघत राहिली. डॉक्टर आले, दाबून पाहिलं, हाड शाबूत होतं, मुरगळलं होतं. पट्टी बांधली, गोळी दिली. सोमेश्वर सर खुर्ची ओढून समोर बसले. आवाज मऊ. चांगुणाबाईंना हा मऊपणा ठाऊक होता, चतुराच्या वेळीही असाच होता.

"मावशी, आता काय, रिस्क नको आपल्याला. भारतभाऊंना मी सांगतो. थोडे दिवस मागच्या खोलीत..."

इतका वेळ चांगुणाबाई ओल्या फरशीवर पडलेल्या असताना जी भीती लांब उभी होती ती आता खुर्चीच्या हातावर येऊन बसली. समोर रस्ता, रस्त्यावर मंठ्याची गाडी येण्याची वेळ. काहीतरी चांगलं, ठाम बोलायला हवं होतं.

"तिला मागं नेणार असाल तर मला बी न्या," झुंबरबाई म्हणाल्या. "मी बी पडले आज. इचारा भाऊंना, दोघींना उचललं. भाऊंना बी न्या. मंग हितं व्हरांड्यात तुमचा कॅमेरा एकटाच बसंल टीव्ही बघत."

"तसं नाही आजी..."

"आन कॅमेऱ्यानं काय बघितलं वो? ती आत, कॅमेरा भाईर. घंटी बघा कुठं लावली, ती बिलकुल मेलेली. ही बाई कुठं, तर तुमच्या घरी कुरडयाला."

"तलाठीसाहेब," कचरूभाऊ गंभीरपणे म्हणाले, "पंचनामा करा."

सर हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. त्यांनी मोबाइल काढला, पाहिला, खिशात ठेवला. माणूस वाईट नव्हता. तो फक्त दुसरीकडं बघत होता, आणि दुसरीकडं बघणाऱ्याला वाटतं की सगळीकडं बघणं चाललंय. "दुसरी बाई शोधतो," ते शेवटी म्हणाले. "सापडेपर्यंत तरी मावशी मागं..."

"सर," वंदना म्हणाली. सगळ्यांनी वळून पाहिलं, कारण वंदना सरांपुढं बोलत नसे. "वैनींना सांगा, कुरडया माझ्यानं होणार न्हाईत. मी हितंच राहते." आणि जणू ते बोलणं संपवायला हातांना काही काम हवं होतं म्हणून ती सरळ मागं गेली. आतून लोखंडी कुरकुर सुरू झाली, थांबली, पुन्हा सुरू झाली. खाटेला चाकं होती. चाकं असतात ती कशाला, हे आजवर कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. कचरूभाऊ धावले. दारात खाट अडली, तिरकी झाली, कठडे काढावे लागले, आणि मग चतुराबाई पाय पुढं करून व्हरांड्यात आली, लग्नातल्या वरमाईसारखी, डोळ्यांवर हात धरून, कारण उजेड फार होता. कपाळ रिकामं होतं.

"कोण हाका देऊन राह्यलं होतं गं मघाशी?" तिनं विचारलं. "माझा जबाब आला का?"

"आला," चांगुणाबाई म्हणाल्या. "सगळ्यात उशिरा."

"लांब बसवलंय ना मला."

त्याच वेळी मंठ्याची गाडी गेली, आणि चौघांनी हात केला, कुणाला ते न बघताच. मागच्या खोलीचं मग सर पुन्हा बोलले नाहीत. खाटही नसलेल्या रिकाम्या खोलीत कुणाला ठेवणार?

संध्याकाळी झुंबरबाईंना एकदम आठवलं. "तू मला झुंबरे म्हणाली."

"कधी?"

"काठी मागताना. झुंबरे, म्हणाली."

"मंग? माळ्यावरून कुणी 'अवो' म्हणतंय का? तवर पाखरं वावर खाऊन जातेत." चांगुणाबाईंनी पट्टी बांधलेला पाय स्टुलावर सरळ केला. "आन तुम्हाला वो कशी येती हाक? धनीणबाई माळ्यावर कवा गेल्त्या?"

झुंबरबाई लाजल्या. म्हणाल्या, माहेर गरीब होतं माझं. सत्तर एकर सासरचे. तेवढ्यात टीव्हीतली सासू, विष पिऊनही, भल्यामोठ्या साडीत जिना उतरून खाली आली.

सकाळी. वंदना चतुराबाईचं तोंड धूत होती. चांगुणाबाई झुंबरबाईंच्या काठीवर लंगडत बाथरूमपाशी गेल्या. फरशी कोरडी होती, साबण वर ठेवलेला. घंटी होती तिथंच होती. वाकता येत नव्हतं तरी भिंतीला धरून त्या वाकल्या, नळीवरची हिरवी टिकली नखानं सोडवली आणि बाहेर वंदनाच्या हातात दिली, "तिच्या कपाळाला लाव." मग आत गेल्या, दार ओढलं. हात कडीवर गेला आणि थांबला. बाहेर झुंबरबाईंची खुर्ची दाराला टेकून ठेवल्याचा आवाज आला.

"लाव," बाहेरून त्या म्हणाल्या. "माझी काठी हाय तुझ्यापाशी."

कडी सरकली. चांगुणाबाई बसल्या. शांत, एकट्या, घाई नसलेल्या. थोड्या वेळानं, काही झालं नव्हतं तरी, त्यांनी गळा मोकळा सोडला. "हाऽऽऽ होऽऽऽय!"

"होऽऽय," दारापलीकडून जांभई देत जबाब आला. त्यामागं कचरूभाऊंचा. त्यामागं वंदनाचा, हसत, चुकीच्या सुरात. आणि मग चतुराबाईचा येईना. चांगुणाबाईंनी काठी घट्ट धरली, उठायला एक हात भिंतीला लावला.

"थांबा गं," चतुराबाई ओरडली, "तोंडात चहा हाय!"

चांगुणाबाई पुन्हा खाली बसल्या.